ल्युकेमिया झालाय हे कोणाला, कधी आणि किती सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा : विचारणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या, नाशिकच्या सिडकोत राहतात, अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर विभागात नोकरी. महिनाभर थकवा, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, गडबड दिसली आणि बोनमॅरोच्या (हाडांतल्या मगजाच्या) तपासणीत एएमएल, म्हणजे ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) एक वेगानं वाढणारा प्रकार, निघाला. सोमवारी दाखल व्हायचं आहे. घरात नवरा, सासूबाई, १३ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. माहेर निफाड तालुक्यात : आईला हृदयाचा त्रास, थोरला भाऊ द्राक्षशेती करतो, बहीण पुण्यात. आज गुरुवार, आणि अजून फक्त नवऱ्यालाच माहीत आहे. आईपासून लपवावं का, मुलांना काय सांगावं आणि नातेवाइकांचा गराडा कसा आवरावा, असं त्या विचारतात.

ताई, सोमवारपर्यंतचे दिवस पुरेसे आहेत. मात्र मानपानाच्या क्रमानं सांगत बसलात तर पुरणार नाहीत. मामांना आधी कळलं आणि काकांना नंतर, यावरून आपल्याकडे वर्षानुवर्षं अबोले धरले जातात हे खरं, पण ते नंतर निस्तरता येतात. क्रम कामानुसार लावा : ज्याच्याकडून काही लागणार आहे, त्याला ते लागण्याआधी कळलं पाहिजे. ज्याच्याकडून काहीच लागणार नाही तो आठवडाभर थांबू शकतो, मग तो कितीही थोर असो.

तोंड उघडण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा : आजाराचं नेमकं नाव, दाखल होण्याची तारीख, पहिला मुक्काम साधारण किती दिवसांचा, आणि यापुढे फोन कोणाला करायचा. नाव नेमकं हवं, कारण ल्युकेमिया हा एक आजार नाही. सीएमएलचे बहुतेक रुग्ण रोजच्या गोळीवर कामधंदा करत वर्षानुवर्षं राहतात. सीएलएल बहुधा उतारवयात होतो आणि त्यात बऱ्याच जणांना सुरुवातीला औषधच देत नाहीत, नुसती नजर ठेवतात. एएलएल मुलांमध्ये जास्त दिसतो, त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. तुमचा एएमएल त्यांच्यापेक्षा वेगळा : सुरुवातीलाच दवाखान्यात राहून जोरदार केमो, रक्तपेशी पार तळाला जाणं आणि मग त्या पुन्हा वर येण्याची वाट पाहणं. नुसतं ‘ब्लड कॅन्सर’ म्हणालात की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला खोकणारा नायक येतो, आणि उरलेले म्हणतात, ‘आमच्या शेजारचे नुसत्या गोळ्यांवर ठणठणीत आहेत, तू कशाला केमो घेतेस?’ ते शेजारी बहुधा सीएमएलचे असतात.

पहिला फोन भावाला आणि बहिणीला. सासरच्यांच्याही आधी, आजच. याला वैद्यकीय कारण आहे. पुढे बोनमॅरो प्रत्यारोपण लागलं तर दाता म्हणून सर्वांत आधी सख्ख्या भावंडांकडे पाहतात. आणि तुम्ही दाखल झाल्याचं कळताच भाऊ पहिली गोष्ट काय करेल, तर रक्त द्यायला धावेल. तेच नको आहे. ज्याच्या पेशी उद्या तुमच्या शरीरात रुजवायच्या आहेत, त्याचं रक्त किंवा प्लेटलेट्स आधीच चढल्या तर शरीर त्या पेशींविरुद्ध तयार होऊन बसतं आणि नंतर प्रत्यारोपण नाकारलं जाण्याचा धोका वाढतो. शिवाय जवळच्या रक्ताच्या नात्यातलं रक्त विकिरण केल्याशिवाय (म्हणजे त्यावर किरणांचा मारा केल्याशिवाय) चढवणं एरवीही धोक्याचं असतं. दात्याच्या पांढऱ्या पेशी ओळखीच्या वाटल्यामुळे शरीर त्यांना रोखत नाही, आणि त्याच उलटतात. असं क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा जीवावर बेततं. ‘सख्खा भाऊ असून रक्त दिलं नाही’ हे बोल गावात त्याला ऐकावे लागू नयेत म्हणून कारणासकट सांगा.

फोनवर एवढं पुरे : “दादा, माझ्या बोनमॅरोच्या तपासणीत एएमएल निघालाय. रक्ताचा कॅन्सर आहे. सोमवारी दाखल होतेय, पहिला मुक्काम चारेक आठवड्यांचा. तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, मला रक्त किंवा प्लेटलेट्स तू आणि ताईनं द्यायच्या नाहीत, डॉक्टर म्हणाले तरच. दुसरं, पुढं कदाचित तुम्हा दोघांची एचएलए तपासणी लागेल, तेव्हा ये.” मग थांबा. त्याला रडू द्या, त्याला काय विचारायचंय ते विचारू द्या.

एचएलए म्हणजे पेशींची जुळणी. त्यासाठी थोडं रक्त किंवा गालाच्या आतला स्वॅब घेतात. एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोघांपैकी निदान एक तरी जुळेल याची सुमारे ४४. म्हणजे न जुळण्याचीच शक्यता थोडी जास्त, हे दोघांनाही आधी सांगून ठेवा. नाहीतर निकाल आला की ‘मी बहिणीच्या उपयोगी पडलो नाही’ असं मनाला लावून घेतात. निम्म्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण करतात आणि नोंदणीकृत दात्यांचाही मार्ग असतो. मुळात प्रत्येक एएमएलला प्रत्यारोपण लागतंच असं नाही. जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट आणि पहिल्या केमोला मिळालेला प्रतिसाद पाहून ते ठरतं.

भावाशी बोलताना वहिनीही ऐकत असेल असं पाहा. दात्याच्या घरातली भीती बहुधा तिथं असते : ‘आमच्या घरचा कर्ता माणूस, मणक्यातून मगज काढणार, जन्माचा अधू होईल.’ हल्ली बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मग दोन्ही हातांच्या शिरांना सुया लावून यंत्रातून काही तास रक्त फिरवतात आणि हव्या त्या पेशी वेगळ्या करतात. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडं दुखतात, अंग मोडून येतं, आणि ते काही दिवसांत जातं. कधी कमरेच्या हाडातून मगज काढावा लागला तरी भूल देऊन काढतात, मणक्याला हात लावत नाहीत. हे सगळं ऐकून कोणी नाही म्हणालं तर तो त्याचा हक्क आहे. जबरदस्तीनं आणलेला दाता ऐन वेळी मागे फिरला, तर रुग्णाच्या जीवाशी खेळ होतो. आधीच नाही म्हणालेला परवडतो.

आता आई. लपवू नका. लपवणं चूक की बरोबर हा वाद बाजूला ठेवला तरी ते जमत नाही. सिडको ते निफाड ही बातमी दोन दिवसांत पोचते, आणि ती पोचवणारी बाई तुमच्या आईला पारावर नाहीतर दूध घालताना गाठून ‘कसं हो, एवढ्या तरुणपणी’ म्हणणार. हृदयाच्या पेशंटला त्या धक्क्यापेक्षा मुलाच्या तोंडून शांतपणे कळलेलं बरं. भावानं समोर बसून सांगावं, फोनवर नाही. शनिवारी सकाळी, नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या झाल्यावर. रात्री नको, कारण रात्री काही झालं तर डॉक्टर मिळत नाही आणि अंधारात विचार वाढतात. जिभेखाली ठेवायची गोळी त्यांना दिलेली असेल तर ती हाताशी असू द्या. सांगून झालं की लगेच तुमचा व्हिडिओ कॉल. तुम्ही चालता-बोलता आहात हे आईला दिसणं, पुढच्या दहा वाक्यांपेक्षा मोलाचं.

आई विचारणारच, ‘वाचेल ना?’ त्यावर ‘काही झालेलं नाही’ म्हणू नका आणि टक्केवारीही देऊ नका. खरं उत्तर असं : “बरं करायच्या हिशोबानंच औषधं सुरू होतायत. पहिल्या केमोनंतर पुन्हा मॅरो तपासतील, तेव्हा डॉक्टर पुढचं सांगतील.” जनुकांचे रिपोर्ट यायलाही वेळ लागतो. ते येईपर्यंत यापेक्षा जास्त कोणी सांगू लागला तर तो अंदाज पंचे.

सासूबाई घरातच आहेत, त्यामुळे त्यांच्यापासून चार आठवडे काही लपणार नाही, आणि स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात असल्यानं तुम्ही घरी आल्यावरचं पथ्य त्यांनाच सांभाळायचं आहे. माहेरी आधी कळवलं याचा राग येऊ शकतो. तो मुलानं, म्हणजे तुमच्या नवऱ्यानं झेलावा आणि जुळणीचं कारण सांगून टाकावं. हे सुनेनं समजावण्याचं काम नाही.

मुलांचं जरा सविस्तर. रविवारपर्यंत ढकलू नका. दाखल होण्याच्या आदल्या रात्री सांगितलं तर मुलांना प्रश्न सुचायलाही वेळ मिळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सांगा, म्हणजे शनिवार-रविवार तुम्ही समोर असाल.

१३ वर्षांच्या मुलीला आजाराचं पूर्ण नाव सांगा, दवाखान्याचंही. नाहीतर ती बोलण्याचे तुकडे ऐकेल आणि मोबाईलवर शोधेल. शोधणार आहेच, म्हणून आधीच सांगून ठेवा : नेटवर दिसणारे बरेचसे आकडे परदेशातले असतात आणि तिथं एएमएल मुख्यतः पासष्टीच्या पुढच्यांना होतो, त्या वयात शरीराला एवढी केमो झेपत नाही, म्हणून ते आकडे वाईट दिसतात. आईचं वय ३८ आहे. सापडलेलं काहीही तिनं बाबांना दाखवावं, एकटीनं वाचत बसू नये. आणि घरात येणाऱ्या प्रत्येक मावशी-आत्याला ताकीद द्या, ‘आता तूच घरातली मोठी, भावाची आई हो’ हे वाक्य कोणीही उच्चारायचं नाही. तिला ठरावीक, छोटं काम द्या. भावाला झोपताना गोष्ट वाचून दाखवणं चालेल, त्याची अख्खी जबाबदारी नको. शाळा आणि क्लास चालू ठेवा.

चार वर्षांच्याला तीन गोष्टी हव्यात : आईला काय झालंय, माझ्यामुळे झालंय का, आणि मला जेवायला कोण घालणार. “आईचं रक्त बिघडलंय, ते नीट करायला ती दवाखान्यात राहणार आहे. तू दंगा केलास म्हणून झालं नाही. तुला सर्दी लागते तसं हे कोणाला लागत नाही. आजी जेवू घालेल, बाबा शाळेतून आणतील, आई रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर दिसेल.” त्याचे प्रश्न तो तुकड्यातुकड्यांनी आणेल, दोन दिवसांनी अचानक गाडीवर बसताना विचारेल, तेव्हा हेच पुन्हा. सातचा कॉल उलट्या होत असतील तेव्हा दोन मिनिटांचा असेल, नाहीतर बाबा सांगतील ‘आज आई झोपलीय, उद्या बोलेल’, पण सातला फोन वाजलाच पाहिजे. तो झोपलेला असताना गुपचूप निघून जाऊ नका. असं केलं की मूल पुढं झोपायलाच घाबरतं. केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळतात. शनिवारी त्याच्यासमोर केस बारीक करून घेतलेत तर टक्कल पाहून दचकणार नाही. बहुतेक दवाखाने लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत, तेव्हा ‘भेटायला नेऊ’ असं वचन देऊ नका.

दोघांच्या वर्गशिक्षकांना कळवा, आणि दोन कामांसाठी कळवा. मूल गप्प झालं किंवा मारामारी करू लागलं तर घरी फोन करावा. आणि वर्गात कांजिण्या, गोवर, गालगुंड निघालं तर त्याच दिवशी सांगावं, कारण पेशी कमी असताना तुमच्यासाठी कांजिण्याही गंभीर ठरतात. धाकटा पाच वर्षांच्या आतला आहे, म्हणून अजून एक : पल्स पोलिओचे तोंडात घालायचे थेंब त्याला देण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्या थेंबांत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि तो काही आठवडे मुलाच्या शीतून बाहेर पडतो. इंजेक्शनच्या लशीला ती अडचण नाही. घरी येणाऱ्या आशाताईंनाही हे सांगून ठेवा, नाहीतर त्या दारातच थेंब घालून बोटाला शाई लावून जातील.

एवढं झालं की गोतावळा. यासाठी नवरा नको. त्याला दवाखाना, औषधं, पैसे आणि मुलं आहेत. दीर, जाऊ किंवा एखादी खमकी मैत्रीण निवडा, जिला ‘नाही’ म्हणता येतं. तिचा नंबर हाच सगळ्यांसाठी एकमेव नंबर. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढायचा तर फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल अशी सेटिंग करा. नाहीतर पहिल्या तासात हात जोडलेल्या शंभर इमोजी, एक महामृत्युंजय मंत्राची ऑडिओ आणि गव्हांकुराच्या रसाचे तीन व्हिडिओ येतात, नि खरी सूचना त्यात बुडते. ब्रॉडकास्ट लिस्टही चालते, पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती पोचते. रविवारी संध्याकाळी आठवड्याची एक खबर पुरे. रोजचे काऊंट टाकू नका. केमोनंतर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तळाला जाणारच असतात, उपचाराचाच तो भाग आहे. पण नातेवाइकांना फक्त उतरणारा आकडा दिसतो आणि मग मध्यरात्री फोन येतात.

पहिला मेसेज साधारण असा असू द्या :

“वैशालीला (इथं तुमचं नाव) एएमएल, म्हणजे रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं आहे. सोमवारपासून नाशिकमध्येच उपचार सुरू होत आहेत. पहिला मुक्काम चार आठवड्यांचा आहे. या काळात तिला संसर्गाचा मोठा धोका असल्यानं दवाखान्यात भेटायला येऊ नये. फोन तिला किंवा घरी न करता या नंबरवर करावा. काय मदत लागेल ते इथंच कळवू. रिपोर्ट किंवा फोटो मागू नयेत.”

यावर येणारे प्रश्न ठरलेले असतात. उत्तरं त्या मैत्रिणीला आधीच देऊन ठेवा, म्हणजे प्रत्येक घरात वेगळी कथा फिरणार नाही.

‘कितवी स्टेज?’ हा पहिला. एएमएलला गाठीच्या कॅन्सरसारख्या एक ते चार अशा स्टेज नसतात, आजार मुळातच रक्तात असतो. जनुकांवरून धोक्याचे गट पाडतात, आणि ते गावभर सांगण्याची गरज नाही. ‘ऑपरेशन करून काढून टाकता येत नाही का?’ नाही, त्याच कारणानं. ‘सुई लावल्यानं पसरला असेल’ : मॅरोच्या सुईनं ल्युकेमिया पसरत नाही. ‘लागतो का? घराण्यात येतो का?’ लागत नाही. बहुतेक रुग्णांत जनुकांतला बिघाड जन्मानंतर, फक्त मॅरोतल्या पेशींत झालेला असतो, तो मुलांत उतरत नाही. एकाच घरात दोन-तीन जणांना रक्ताचे आजार झाले असतील तर मात्र ते डॉक्टरांना जरूर सांगा. अशा घरातला दाता निवडताना जास्त तपासावं लागतं. मुलीच्या लग्नाची काळजी आत्तापासून करणारे नातेवाईक तुम्हाला भेटतील. त्यांना हे उत्तर एकदा खणखणीत देऊन विषय बंद करा.

निफाड-दिंडोरीकडच्या घरांत आणखी एक प्रश्न येतो, ‘बागेच्या फवारणीमुळे झालं का?’ हा प्रश्न वरवर साधा, पण तो तुमच्या भावाच्या छातीत रुततो. बेन्झीन, आधी घेतलेली काही केमो, मोठ्या प्रमाणातला किरणोत्सर्ग यांच्याशी एएमएलचा संबंध पक्का ठाऊक आहे. कीटकनाशकांबद्दलही अभ्यास चालू असतात. पण एका विशिष्ट माणसाला तो कशामुळे झाला, हे बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही. भावाला तुम्ही स्वतः म्हणा, ‘दादा, बागेमुळे झालं असं कोणी म्हटलेलं नाही.’ फवारताना मास्क आणि हातमोजे त्यानं एरवीही घालायलाच हवेत, ते निराळं.

‘टाटाला दाखवलं का?’ हा नाशिकचा खास प्रश्न, आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परळचं टाटा १९४१ पासून आहे, खारघरलाही त्यांचं केंद्र आहे, आणि दुसरं मत घेणं गैर नाही. पण ते घ्यायचं तर आत्ताच, उपचार सुरू होण्याआधी, तुमच्या डॉक्टरांना उघड सांगून : मॅरोच्या स्लाईड, फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट आणि आतापर्यंतचे कागद घेऊन नवरा किंवा दीर जाऊ शकतो, प्रत्येक वेळी रुग्णाला पंचवटी एक्स्प्रेसच्या गर्दीत बसवायची गरज नसते. एएमएलमध्ये आठवडे घालवून चालत नाही. त्यातला एपीएमएल नावाचा प्रकार तर रक्तस्रावामुळे काही दिवसांतच घातक ठरू शकतो, त्याची नुसती शंका आली तरी औषध त्याच दिवशी सुरू करतात. म्हणून ‘सगळे रविवारी बसून ठरवू’ ही बैठक या आजारात भरवू नका. आणि केमो सुरू होऊन पेशी उतरल्यावर, दहाव्या-बाराव्या दिवशी, कोणाच्या तरी आग्रहावरून रुग्णाला गाडीत घालून पावणेदोनशे किलोमीटर हलवणं हा सर्वांत वाईट पर्याय.

त्र्यंबकला नारायण नागबळी करा, कालसर्प बघून घ्या, हेही येणार. वाद घालू नका, तुमच्याकडे तेवढी ताकद नाही. ‘तुम्ही आमच्या वतीनं करा, मला येता येणार नाही’ म्हणा. पण कुशावर्ताचं किंवा रामकुंडाचं तीर्थ, अंगारा, प्रसाद यातलं काहीही तोंडात जायचं नाही, आणि उपासही नाही. पपईच्या पानांचा रस डेंग्यूसाठी ऐकलेला असतो. तुमच्या प्लेटलेट्स कमी आहेत त्या मॅरोत बिघडलेल्या पेशींची गर्दी झाल्यामुळे, रसानं ती हटत नाही. गुळवेलानं काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे आणि केमोत यकृत आधीच ताणलेलं असतं. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, बंद करा.

प्लेटलेट्ससाठी वेगळा मेसेज लागेल. मोठ्या मदतीची जागा ही आहे, आणि अंबडच्या कारखान्यातले सहकारी इथं कामाला येतात. दहा-पंधरा दात्यांची यादी सोमवारआधी तयार ठेवा. वय १८ ते ६०, वजन किमान ५०-५५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, प्लेटलेट काऊंट दीड लाखाच्या वर, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नाही, हाताच्या शिरा ठळक. उपाशी यायचं नाही, दीड-दोन तास मोकळे ठेवायचे. यंत्रावर दिलेल्या प्लेटलेट्स ४८ तासांनी पुन्हा देता येतात. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून सगळ्यांनी पहिल्याच दिवशी देऊन उपयोग नाही, पाळ्या लावा. तपासण्यांना वेळ लागतो, तेव्हा आदल्या दिवशी बोलवा. मेसेजमध्ये रक्तगट, ‘एसडीपी’ (एकाच दात्याकडून यंत्रावर घेतलेल्या प्लेटलेट्स) हा शब्द, रक्तपेढीचं नाव, तारीख, समन्वय करणाऱ्याचा नंबर आणि ‘ही गरज अमुक तारखेपर्यंतच’ हे वाक्य. तारीख नसलेला मेसेज वर्षभर फिरत राहतो आणि त्या बिचाऱ्या मैत्रिणीला दिवाळीतही फोन येतात. मुलांचे फोटो नकोत, रिपोर्ट नको. भावंडांना या यादीतून वगळलंय ना, पुन्हा पाहा.

नोकरीच्या ठिकाणी वरिष्ठ आणि एचआर, दोघांनाच आजाराचं नाव कळलं पाहिजे. बाकीच्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवून त्यांना कळवा. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर नेहमीचा आजारपणाचा लाभ ९१ दिवसांचा असतो, पण कॅन्सरसारख्या दीर्घ आजारांना वाढीव लाभ मिळतो : सरासरी रोजच्या वेतनाच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी साधारण दोन वर्षांची नोकरी आणि पुरेशी वर्गणी भरलेली लागते. राजीनामा देऊ नका, कोणी कितीही सहानुभूतीनं सुचवलं तरी. ईएसआय नसेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे जा. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण तुमचा दवाखाना त्या योजनेत आहे का हे दाखल होण्याआधी विचारायचं. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला उपचारासाठीच्या प्रवासात सवलत मिळते, पुढंमागं मुंबई लागली तर उपयोगी.

एक गोष्ट नातेवाइकांना नव्हे, वॉर्डातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरला स्वतःहून सांगायची : पाळीची तारीख. प्लेटलेट्स कमी असताना पाळी आली तर रक्तस्राव थांबत नाही, म्हणून ती पुढं ढकलायचं औषध आधीच देतात. संकोचानं बायका सांगत नाहीत आणि मग रात्री धावपळ होते.

राहिला भेटीगाठींचा प्रश्न. चार आठवडे दवाखान्यात एकच माणूस सोबत, तो बदलला तर ठरवून. सर्दी-खोकला असलेला कोणीही नाही, फुलं नाहीत. द्राक्षांचा हंगाम असेल तर माहेरचे पेटीच घेऊन येतील. द्राक्षं सोलता येत नाहीत, म्हणून पेशी कमी असताना ती तुम्हाला चालत नाहीत. पेटी सिस्टरांना वाटून टाका, मन मोडत नाही. जाड सालीचं फळ घरच्याच माणसानं हात धुऊन, सोलून लगेच दिलेलं बहुधा चालतं, तरी तुमच्या वॉर्डाचा नियम विचारून घ्या. डबा देणाऱ्यांना सांगा : ताजं, शिजलेलं, गरम, वरून कोथिंबीर पेरायची नाही, कोशिंबीर नाही, मिसळीवरचा कच्चा कांदा तर नाहीच. खरं तर त्या महिन्यात डबा तुमच्यापेक्षा मुलांना आणि नवऱ्याला जास्त लागतो, शेजारणींना तेच काम द्या, वार वाटून.

घरी आल्यावर लोकांना वाटतं, सुटली. तेव्हाच भेटायला रांग लागते. पण पहिल्या केमोनंतर आजार आटोक्यात आला तरी पुढं आणखी केमो किंवा प्रत्यारोपण असतं आणि दर वेळी पेशी पुन्हा उतरतात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच ग्रुपवर टाका : ‘घरी आली आहे, उपचार संपलेले नाहीत, अजून काही महिने चालतील.’ सिंहस्थाला, २०२६-२७ मध्ये, नाशिकच्या प्रत्येक घरी पाहुणे उतरणार आहेत. तुमच्याकडे उतरायचं म्हणणाऱ्यांना यंदा जागा नाही हे दिरानं आत्ताच कळवून ठेवलेलं बरं.

आणि घरातल्या प्रत्येकाला, मुलीलासुद्धा, एक आकडा पाठ हवा : १००.४. थर्मामीटरवर एवढा ताप दिसला की क्रोसिन देऊन वाट पाहायची नाही, सकाळची वाट पाहायची नाही. वॉर्डाचा नंबर लावायचा आणि निघायचं. तो नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवा, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा.